‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ ही पाटी उतरवा: आपला धंदा काय आणि कुणासाठी, हे एका ओळीत सांगायची रीत

मुंबईच्या कुठल्याही जुन्या गल्लीतून चालत गेलं की धंद्याची ओळख करून देणारी सगळ्यात चांगली वाक्यं भिंतीवरच वाचायला मिळतात. ‘येथे साडीला फॉल-पिको करून मिळेल.’ ‘मसाला कांडून मिळेल.’ ‘छत्री दुरुस्त करून मिळेल.’ चार-पाच शब्दांत काय मिळणार ते कळतं. ज्याच्या हातात मोडकी छत्री आहे तो थांबतो, बाकीचे पुढे जातात, आणि ते पुढे गेले म्हणून दुकानदाराचं काही बिघडत नाही.

त्याच गल्लीत दुसऱ्याही पाट्या असतात. ‘अमुक एंटरप्रायझेस. सर्व प्रकारची इलेक्ट्रिक, प्लंबिंग, फॅब्रिकेशन, रंगकाम व वॉटरप्रूफिंगची कामे केली जातील.’ जाळं जितकं मोठं तितके मासे जास्त, हा त्यामागचा हिशेब. पण ज्याच्या भिंतीला ओल आलीय तो ही पाटी रोज वाचूनही ‘हा गळतीवाला’ अशी खूणगाठ बांधत नाही. शेजारणीने जिन्यात विचारलं, ‘गळतीचं काम कोण करतं हो?’, तर हे नाव त्याच्या तोंडी येत नाही. लहान धंद्याचं बरंचसं काम असं जिन्यात, फाटकापाशी, लोकलच्या डब्यात एकाने दुसऱ्याला सांगून येतं, आणि सांगणाऱ्याच्या लक्षात एकच गोष्ट राहते. ती कोणती राहावी हे आपण ठरवायचं असतं.

ती गोष्ट एका ओळीत लिहायला लागणारं सामान थोडं आहे: एक वही, गेल्या तीन-चार महिन्यांची बिलं आणि फोन. दोन संध्याकाळी पुरतात.

पहिली संध्याकाळ: बिलं काढा

आपला धंदा काय, हे आठवून लिहायला बसलं की माणूस आपल्याला काय काय येतं त्याची यादी करतो. ती यादी बाजूला ठेवा. लोक पैसे कशाचे देतात हे बिलांत दिसतं, म्हणून शेवटची तीस बिलं घ्या. बिलं केली नसतील तर यूपीआयने आलेल्या रकमा आणि त्या दिवसांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप समोर ठेवा. वहीचं पान आडवं धरून सहा रकाने आखा: काम काय केलं, फोन कुणी केला, पैसे कुणी दिले, जागा कुठल्या स्टेशनजवळ, खर्च जाऊन हातात किती उरलं, आणि त्याला आपलं नाव कुणी सांगितलं.

उदाहरणासाठी भांडुपचा एक लहान कंत्राटदार धरू. दोन कडिये (गवंडी), तीन बिगारी, गळतीची आणि रंगाची कामं. समजा त्याच्या तीस बिलांचा हिशेब असा निघाला: चौदा न्हाणीघर-संडासाच्या गळतीची, सहा गच्चीची, पाच रंगकामाची, पाच किरकोळ. रंगकामात रंगारी बाहेरून आणावे लागले, हातात फारसं उरलं नाही. गच्चीच्या कामात रक्कम मोठी, पण शेवटचा हप्ता सोसायटीकडून यायला दोन महिने लागले. न्हाणीघराचं काम लहान, पण पैसे काम संपताच हातात, आणि चौदापैकी नऊ जणांना नाव आधीच्या गिऱ्हाइकाने सांगितलेलं. आता त्याच्या पाटीवर ‘रंगकाम’ सगळ्यात वर असेल, तर ते का, याला उत्तर देता येत नाही.

हा हिशेब मांडताना दोन ठिकाणी फसायला होतं. एखादं भलं मोठं बिल असेल तर ते सगळं चित्र आपल्याकडे ओढतं. ते वेगळ्या पानावर लिहा आणि उरलेल्या एकोणतीसांकडे बघा. नात्यागोत्यातली, ओळखीखातर केलेली कामंही बाजूला काढा, कारण त्या माणसांनी धंदा बघून फोन केलेला नसतो. आणखी एक, हातात काय उरलं हे काढताना स्वतःच्या दिवसाची मजुरीही खर्चात धरा. ती धरली की बऱ्याच ‘चांगल्या’ कामांचा रंग उतरतो.

नवीन धंद्याला तीस बिलं नसतात. तिथे विचारणा मोजा: कोण काय मागायला आलं, आणि दर ऐकून कोण थांबलं. वीस विचारणा झाल्या की तोंडावळा दिसायला लागतो. तोपर्यंत पाटी रंगवू नका, कागदावर छापून चिकटवा.

फोन एकाचा, पैसे दुसऱ्याचे

‘कुणासाठी?’ या प्रश्नाला बहुतेकजण ‘सगळ्यांसाठी’ किंवा ‘मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी’ असं उत्तर देतात. दोन्हींचा उपयोग नाही. गिऱ्हाईक वयाने किंवा उत्पन्नाने ओळखू येत नाही, ते कुठल्या प्रसंगात सापडलंय त्यावरून ओळखू येतं. म्हणून तक्त्यातल्या मोठ्या गटासाठी चार प्रश्न विचारा. त्रास कुणाला होतोय? फोन कोण करतो? होकार कोण देतो? पैसे कुणाच्या खिशातून जातात?

गळतीच्या कामात ही चार माणसं खरोखर वेगवेगळी असतात, म्हणून हे उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातलं पाणी खालच्या फ्लॅटच्या छताला येतं. त्रास खालच्याला, फोन बहुधा त्याचाच, आवाज चढलेला. पण लाद्या उघडायच्या त्या वरच्याच्या घरात. आणि पैशांचं म्हणाल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारी गळती संस्थेने तिच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, तर फ्लॅटमधल्या संडास-न्हाणीघर, सिंक यांमुळे होणारी अंतर्गत गळती संबंधित सभासदाने स्वतःच्या खर्चाने. म्हणजे एकाच कारागिराची तीन गिऱ्हाइकं झाली, आणि तिघांच्या मनात तीन वेगळे प्रश्न आहेत.

खालच्याला जाणून घ्यायचंय की गळती नक्की कुठून येते हे तुम्ही शोधून, लिहून द्याल का, म्हणजे वरच्याला दाखवता येईल. वरच्याला काळजी आहे की लाद्या किती फुटणार, न्हाणीघर किती दिवस बंद राहणार, घरात वयस्कर माणूस आहे त्याचं काय करायचं. गच्चीच्या कामात होकार कमिटीचा, मोठा खर्च असेल तर सर्वसाधारण सभेचा. सेक्रेटरींना तीन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवून सभेत उभं राहून वाचायची असतात. तुमच्या कामाचं वर्णन त्यांना न अडखळता वाचता आलं नाही, तर ते तुमच्या बाजूने काय बोलणार? सोसायटीसाठी लिहिलेली ओळ मोठ्याने वाचून बघा. ती सभेत वाचली जाणार आहे.

कुठल्याही धंद्यात हे चार प्रश्न लागू पडतात. मुलांच्या शिकवणीत त्रास मुलाला, फोन आईचा, पैसे आईबापांचे. ऑफिसला नाश्ता पुरवणाऱ्याला फोन करतो शिपाई किंवा ॲडमिनचा माणूस. त्याला चवीपेक्षा वेळेवर पोचणं आणि महिन्याला एकच बिल मिळणं जास्त महत्त्वाचं असतं. ओळ लिहायची ती होकार देणाऱ्याला उद्देशून.

गिऱ्हाइकाचेच शब्द

आता फोन उघडा आणि गेल्या तीन महिन्यांत अनोळखी नंबरांवरून आलेले पहिले निरोप जसेच्या तसे वहीत उतरवा. शुद्धलेखन सुधारू नका. ‘वरून पाणी ठिपकतंय.’ ‘भिंतीचे पोपडे सुटलेत, वास येतो.’ ‘संडासाची भिंत फुगलीय.’ ‘लीकेज चेक करायला किती घेता?’ अशी पंधरा-वीस वाक्यं जमली की दोन रकाने करा: त्यांचे शब्द एका बाजूला, आपले दुसऱ्या. आपल्या बाजूला ‘केमिकल ट्रीटमेंट’, ‘पीयू कोटिंग’, ‘इंजेक्शन ग्राऊटिंग’, ‘ब्रिकबॅट कोबा’ असले शब्द निघतील. ते खरे आहेत, कोटेशनमध्ये ते लागतीलच. पण दारावरच्या ओळीत त्यांची जागा नाही, कारण ज्याच्या घरात पाणी ठिपकतंय त्याला अजून आजाराचं नाव माहीत नाही, फक्त दुखतंय कुठे ते माहीत आहे.

शब्द मराठी की इंग्रजी, या वादात पडू नका. ‘लीकेज’, ‘वॉटरप्रूफिंग’, ‘फॉल-पिको’ हे मुंबईत घराघरांत बोलले जातात, ते घ्या. गूगलवर शोधणारा ‘वॉटरप्रूफिंग’ टंकतो, म्हणून तो शब्द कुठेतरी हवाच. टाळायचे ते ‘सोल्युशन्स’, ‘एंटरप्रायझेस’, ‘सर्व्हिसेस’, ‘कन्सेप्ट’. हे कुठल्याच गिऱ्हाइकाच्या निरोपात कधी सापडत नाहीत. वही तपासून बघा.

ओळ कशी रचायची

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. या भाषेत धंद्याची ओळख बिघडते ती बहुतेक इथेच, कारण क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर विशेषणांची रांग लावायची सोय आपोआप मिळते. हे वाक्य बघा:

‘आम्ही मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरातील निवासी, व्यावसायिक तसेच औद्योगिक ग्राहकांसाठी अत्याधुनिक तंत्रज्ञानावर आधारित दर्जेदार वॉटरप्रूफिंग सोल्युशन्स माफक दरात उपलब्ध करून देतो.’

शब्द मोजा. कामाचं नाव सतराव्या शब्दाला येतं, आणि नेमकं काय करतात ते शेवटच्या शब्दापर्यंतही कळत नाही. ‘उपलब्ध करून देतो’ म्हणजे माल विकता की काम करता? आता हे:

‘वरच्या न्हाणीघरातलं पाणी खालच्या छताला येतं, ती गळती शोधून बंद करून देतो. मुलुंड ते घाटकोपर.’

आणि सोसायटीसाठी:

‘पाच मजल्यांपर्यंतच्या इमारतींच्या गच्चीची गळती पावसाळ्याआधी बंद करतो. काम झाल्यावर गच्चीत ४८ तास पाणी साठवून कमिटीला दाखवतो.’

दोन्ही ओळी एकाच माणसाच्या आहेत, पण वाचणारा वेगळा. दोन्ही एका वाक्यात कोंबल्या की पुन्हा ‘सर्व प्रकारची कामे’ झाली. मुख्य ओळ एकच ठेवा, तक्त्यात जो गट सगळ्यात भक्कम त्याची. दुसरी तिच्याखाली, लहान अक्षरात किंवा वेगळ्या कागदावर.

रचताना पाच खण भरायचे: कुठला प्रसंग, काय करून देतो, कुणासाठी, कुठे, आणि एखादी तपासून बघता येईल अशी गोष्ट. पाचही खण एकाच वाक्यात मावलेच पाहिजेत असं नाही, पण पहिले दोन पहिल्या वाक्यात हवेतच. क्रियापद हाताने होणारं घ्या: शिवतो, दुरुस्त करतो, पोचवतो, भरून देतो, शिकवतो. ‘कार्यरत आहोत’, ‘पुरवण्यात येते’, ‘सेवा देतो’ ही क्रियापदं दिसली की खोडा. वाक्य बारा ते पंधरा शब्दांच्या आत संपावं. त्याहून लांबलं तर दोन करा.

लिहायला सुचत नसेल तर आधी बोला. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि गावाहून आलेल्या मावशींना सांगावं तसं सांगा. लिहिताना ‘सेवा-सुविधा’ लिहिणारा माणूस बोलताना ‘अहो मावशी, लोकांच्या संडासातनं पाणी गळतं ना, ते बंद करतो’ असं म्हणतो. ते वाक्य जसंच्या तसं उतरवा, मग जरा नीटनेटकं करा. अशा दहा ओळी लिहून त्यातली एक निवडा. पहिलीच ओळ ठेवायची घाई बहुतेक वेळा अंगाशी येते, कारण पहिल्या ओळीत दुसऱ्यांच्या पाट्यांवर वाचलेलं उतरतं.

मग चाळण. प्रत्येक विशेषणाचा उलटा अर्थ लावून बघा. ‘निकृष्ट काम करतो’ असं कुणी लिहिणार आहे का? नसेल, तर ‘दर्जेदार’ हा शब्द काही सांगत नाही. त्याच्या जागी आकडा किंवा घडणारी गोष्ट ठेवा. ‘तत्पर सेवा’ऐवजी ‘आज फोन केलात तर उद्या जागा बघायला येतो’. ‘अनुभवी’ऐवजी ‘२०११ पासून’. ‘माफक दर’ऐवजी दर कशावर लावता ते: चौरस फुटावर, नगावर, डब्यावर, तासावर, आणि कमीत कमी किती रकमेचं काम घेता. जागा बघण्याचे पैसे घेत असाल तर तेही, आणि काम दिलं तर ते बिलातून वजा होतात का. आकडा लिहायला लोक बिचकतात. पण आकडा न लिहिल्याने येणारे निम्मे फोन ‘साधारण किती?’ एवढंच विचारून बंद होतात, आणि त्यात जाणारा वेळ तुमचाच असतो. जे आकडे लिहाल ते पाळता येतील असेच लिहा.

‘डबा’ म्हणजे नेमकं काय?

एका शब्दाने किती घोटाळा होतो याचं मुंबईतलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘डबा’. १८९० पासून चालत आलेला डबेवाल्यांचा धंदा घरी शिजलेलं जेवण ऑफिसात पोचवण्याचा; ते स्वयंपाक करत नाहीत. पोळीभाजी केंद्रवाल्या ताई स्वयंपाक करतात. दोघेही ‘डबा’ म्हणतात. घरून जेवण देणाऱ्या ताईंनी ‘डबा सर्व्हिस’ असं लिहिलं की ‘आमच्या घरचा डबा लोअर परळला पोचवाल का?’ असेही फोन येणार. ‘घरचं शाकाहारी जेवण करून देतो’ म्हटलं की हा घोळ मिटतो. कुणासाठी, हे अजून बाकी राहतंच.

डोंबिवलीत रात्री साडेआठला लोकलमधून उतरणाऱ्या नवरा-बायकोंना पूर्ण जेवण बहुधा नको असतं. भाजी-आमटी घरी होते, वेळ खातात त्या पोळ्या. त्यांच्यासाठी ओळ: ‘रात्रीच्या गरम पोळ्या, स्टेशनवरून घरी जाताना घेऊन जा. संध्याकाळी ६ पर्यंत संख्या कळवा.’ परळला केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांत बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक असतात. त्यांना महिन्याचा डबा काय कामाचा? मुक्काम किती दिवसांचा ते त्यांनाच माहीत नसतं. तिथे ओळ अशी: ‘रुग्ण आणि सोबतच्या माणसासाठी कमी तिखटाचं साधं जेवण, एका दिवसापासून. पोळ्या ४, भाजी, वरण-भात. सकाळी ९ पर्यंत फोन करा.’ स्वयंपाकघर तेच असलं तरी माणूस बदलला की पदार्थ, वेळ, पैसे घेण्याची रीत सगळं बदलतं. म्हणून ‘कुणासाठी’ हे आधी ठरवायचं आणि मग मेनू छापायचा. उलट क्रमाने केलं की मेनूत चायनीजपासून पुरणपोळीपर्यंत सगळं येतं आणि रोज अर्धा माल उरतो. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही ओळीखाली द्या. विश्वासाचे दहा शब्द मग लिहावे लागत नाहीत.

काय करत नाही, तेही सांगा

हे लिहिताना हात अडतो. तरी लिहा, पण दोन-तीनच गोष्टी, आणि त्याच ज्यांच्यासाठी वारंवार फोन येतात आणि तुम्हाला नाही म्हणावं लागतं. ‘रंगकाम घेत नाही.’ ‘नवीन बांधकाम घेत नाही.’ ‘सात मजल्यांहून उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती करत नाही.’ भाषा रोखठोक असली तरी तुटक नको, आणि शक्य असेल तर पुढचा रस्ता दाखवा: ‘रंगकामासाठी माहितीतल्या माणसाचा नंबर देऊ.’ ज्याला तुम्ही गिऱ्हाईक पाठवता तो तुमच्याकडे गळतीची कामं पाठवतो, असा हा देण्या-घेण्याचा व्यवहार आहे. जी कामं जमतात पण परवडत नाहीत, त्यांच्यापुढे ‘घेत नाही’ न लिहिता कमीत कमी रक्कम लिहा. ती रक्कमच निवड करते.

दुसरी संध्याकाळ: पाच जणांवर पारख

धंद्याशी संबंध नसलेली पाच माणसं निवडा. किराणावाला, सोसायटीचा वॉचमन, मुलाच्या शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या मुलाची आई, अशी. ओळ एकदाच वाचून दाखवा, विषय बदला. दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न विचारा: ‘मी काय काम करतो सांगितलं होतं?’ आणि ‘माझ्याकडे तुम्ही कुणाला पाठवाल?’ मध्ये एक शब्दही समजावून सांगायचा नाही, हे महत्त्वाचं. आपण समजावलं की पारख आपल्या बोलण्याची होते, ओळीची होत नाही.

उत्तरं ऐकून दोष कळतो. ‘काहीतरी बांधकामाचं’ असं आलं तर क्रियापद मोघम आहे. काम बरोबर सांगितलं पण ‘कुणालाही पाठवीन’ म्हणाले तर प्रसंग नीट दिसत नाही. ‘आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला डाग पडलाय, त्यांना सांगते’ असं उत्तर आलं की ओळ बसली. पाचात तीन जणांनी असं नाव घेतलं तर पुढे जा. नाही तर वहीतल्या दहापैकी दुसरी ओळ घ्या आणि वेगळ्या पाच जणांवर तपासा. त्याच माणसांना पुन्हा विचारलं तर त्यांना आधीचं आठवत असतं.

ओळ कुठे कुठे लावायची

पाटीपासून सुरुवात. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही नामफलक मराठीत, देवनागरीत लावणं बंधनकारक आहे. दुसऱ्या भाषेत नाव लिहायचं तर मराठी आधी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. ‘अमुक एंटरप्रायझेस’ देवनागरीत रंगवलं की नियम पाळला जातो, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात काही शिरत नाही. नावाखालची ओळ नावाच्या निम्म्या उंचीची तरी ठेवा. अक्षर किती मोठं असावं याचा अंदाज असा: वाचणारा जितका लांब, त्याच्या दर दहा फुटांमागे एक इंच. तीस फुटी रस्त्यापलीकडून वाचायचं तर तीन इंच. देवनागरीत ही उंची मात्रा-वेलांट्या सोडून, शिरोरेषेपासून खाली मोजायची, आणि वरखाली त्यांच्यासाठी जागा सोडायची. नाहीतर पेंटर अक्षरं चेपून बसवतो आणि ‘गळती’ लांबून ओळखू येत नाही.

फोनवर अक्षरांची मोजणी निराळी. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये धंद्याच्या वर्णनाला ५१२ अक्षरं, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये ७५०, इन्स्टाग्रामच्या बायोत १५० मिळतात. पण यंत्र काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा हलन्त सगळं वेगळं मोजतं. ‘न्हाणीघर’ डोळ्याला चार अक्षरं दिसतात, यंत्र ती आठ धरतं. म्हणून मराठी मजकूर अंदाजापेक्षा लवकर संपतो. मुख्य ओळ पहिली, बाकी जमलं तर. व्हॉट्सॲपचा स्वागताचा निरोप नवीन माणसाला आणि चौदा दिवस न बोललेल्याला आपोआप जातो. तिथे ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद’ एवढंच न लिहिता ओळ टाका आणि लागणारी माहिती मागा: ‘ओल आलेल्या जागेचे दोन फोटो, मजला आणि जवळचं स्टेशन पाठवा.’ फोटो आले की अर्धी पाहणी घरबसल्या होते.

गूगलवर नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावातच ‘बेस्ट वॉटरप्रूफिंग मुलुंड भांडुप’ असं चिकटवलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. कामाचा प्रकार ‘मुख्य’ म्हणून एकच निवडता येतो. तो तक्त्यातल्या मोठ्या गटाचा निवडा, बाकीचे जादा प्रकारांत. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल, तुम्हीच जात असाल, तर घरचा पत्ता लपवून फक्त भाग द्या. वीस भाग देता येतात, म्हणून वीसही भरायची गरज नाही. विरारचं काम आलं तर खरंच जाणार आहात का?

उद्यम नोंदणीत, म्हणजे लहान धंद्यांच्या सरकारी नोंदणीत, धंद्याचा पाच अंकी वर्गीकरणाचा कोड निवडावा लागतो. नोंदणी मोफत आहे, पण एजंटकडून करून घेतली तर कोड त्याच्या सोयीचा पडलेला असू शकतो. प्रमाणपत्र काढून बघा. पाटीवर एक आणि कागदावर भलतंच असेल तर बँकेत कर्जाच्या वेळी खुलासे करत बसावं लागतं.

आणि फोन उचलताना. ‘हॅलो, कोण?’ने सुरुवात झाली की समोरचा चाचरतो. ‘नमस्कार, गळतीचं काम करतो, बोला’ हे दोन सेकंदांचं वाक्य घरातल्या, दुकानातल्या प्रत्येकाला सारखं यायला हवं. फोन मुलाने उचलला आणि तो म्हणाला, ‘पप्पा सगळं करतात’, तर पाटीवरची मेहनत वाया.

ओळ बदलायची कधी

दर सहा महिन्यांनी तीस बिलांचा तक्ता पुन्हा मांडा. ओळ जिथे जिथे लावलीय त्या जागांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा, नाहीतर पाटीवर नवीन आणि व्हिजिटिंग कार्डावर जुनी असं होतं.

हंगामी धंद्यात मात्र वरची आणि खालची ओळ वर्षातून दोनदा अदलाबदल करावी लागते. भांडुपच्या कंत्राटदाराचं बघा. जूनमध्ये पाऊस लागला की गच्चीचं पक्कं काम थांबतं, त्यामुळे जून-जुलैत न्हाणीघराची आणि तात्पुरत्या दुरुस्तीची ओळ वर हवी. पण गच्ची गळताना दिसते ती याच दिवसांत, आणि सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, विषय त्याच्याही आधी ठरतात. म्हणून सोसायटीची ओळ ऑगस्ट लागताच वर घ्यायची, गळत्या जागांचे फोटो पावसातच काढून ठेवायचे आणि कोटेशन ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सेक्रेटरींच्या हातात द्यायचं, पहिल्या पानावर तीच ओळ. मग ते सप्टेंबरच्या सभेत वाचलं जातं, आणि पाऊस ओसरून गच्ची सुकली की काम सुरू करता येतं.